हे कोणी सांगितले?

१

विद्यापीठीय अध्यापनात वावरणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुका कबूल करण्याची फारशी सवय नसते. चुका करणे हे विद्यार्थ्याचे काम आणि त्या दाखविणे हे आपले, अशी एक सोयीची वाटणी त्याच्या मनात होऊन गेलेली असते. प्रस्तुत टिपणात जी हकीकत सांगायची आहे तिने माझ्यापुरती ही वाटणी मोडली. निमित्त कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे. परंतु विषय तेवढाच नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कडेचा तालुका. दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. कापसाची शेते, मुकुटबनच्या बाजूला चुनखडकाच्या खाणी, अधूनमधून सागाचे रान, आणि रस्त्यापासून आत गेलेले कोलामांचे पोड. आमच्या मराठीच्या वर्गात जी मुले बसतात, त्यांतली काही घरी वऱ्हाडी बोलतात, काही गोंडी, काही कोलामी, तर नदीकाठच्या काही घरांत तेलुगू चालते. म्हणजे अभ्यासक्रमात जिला आपण ‘मातृभाषा’ म्हणतो, ती प्रमाण मराठी या वर्गातील अनेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. असे असूनही आम्ही ती सर्वांची पहिलीच भाषा आहे असे समजून शिकवीत असतो. माझ्या पुढच्या चुकीचे मूळ बहुधा या गृहीतकातच होते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी एक प्रकल्प दिला होता. आपल्या गावातील एखादी मौखिक रचना मिळवावी, ती लिहून काढावी आणि तिच्यावर चार पाने लिहावीत, एवढेच काम, गुण २०. बावीस प्रकल्प आले. त्यांतील चौदा प्रकल्प वाचताना आपण एकच प्रकल्प पुनःपुन्हा वाचीत आहोत असे वाटत राहिले. गाव वेगळे, गाण्याचा प्रकार वेगळा. परंतु प्रत्येकात ‘समृद्ध सांस्कृतिक वारसा’ होता, ‘निसर्गाशी असलेले अतूट नाते’ होते, आणि लोकगीत हे केवळ मनोरंजन नसून जीवनपद्धती असल्याचा निर्वाळा होता. हे कोठून आले हे मला कळत होते. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी जगासमोर आले. आमच्याकडे ते रुळायला दोनेक वर्षे लागली, पण आले ते थेट विद्यार्थ्याच्या खिशात. तरीही त्या चौदा जणांना मी काहीच बोललो नाही. ‘गाईडवरून उतरविले असावे’ या जुन्या सदरात त्यांना टाकले, वीसपैकी दहा-अकरा गुण दिले आणि पुढे गेलो.

पंधरावा प्रकल्प एका कोलाम विद्यार्थिनीचा होता. आजीकडून ऐकलेल्या एका गाण्यावर तिने लिहिले होते. वाक्ये लहान, नेटकी. ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधूनही सापडेना. गाण्यातील एका जागी आजी एकदा एक शब्द म्हणते आणि दुसऱ्यांदा वेगळाच, असे सांगून त्या दोहोंतील फरकावर तिने सबंध पान खर्ची घातले होते. मी ते वाचले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे हिने लिहिलेले नाही.

२

मी तिला विभागात बोलावले. दार उघडे होते, दोन सहकारी बसलेले होते, याचाही विचार मला तेव्हा सुचला नाही. ‘हे तू लिहिलंस का?’ असे मी विचारले. आणि प्रश्नाचा सूर असा होता की त्याचे उत्तर मी आधीच ठरविले आहे, हे तिला कळावे.

‘मीच लिहिलं जी, सर,’ ती म्हणाली.

मी तिला कोरा कागद दिला आणि तेथेच बसून त्या गाण्यावर एक पान लिहायला सांगितले. तिने लिहिले. दोन ठिकाणी खोडले, एक वाक्य काठावर लिहून बाणाने आत घेतले. अर्ध्या तासाने जे पान माझ्या हाती आले ते प्रकल्पातील पानांहून उणे तर नव्हतेच; काही बाबतींत सरस होते. आजी गाणे म्हणताना कोठे थांबते आणि का थांबते, हे प्रकल्पात न आलेले निरीक्षण त्यात होते.

मी कागद ठेवून दिला. काय बोलावे ते मला सुचेना. बोलली तीच. ‘शुद्धलेखन मोबाईलवर तपासलं होतं सर, ते खोटं नाही सांगत. पण त्यानं माझी वाक्यं बदलली होती. मी लिवलं होतं, बुढीनं गाणं उचललं. त्यानं केलं, वृद्ध महिलेने गीत गायले. मी परत बुढीच केलं.’ मग थोडे थांबून, मान खाली घालून ती म्हणाली, ‘बाकीच्यांनी पुरं मोबाईलवरूनच काढलं जी. त्यांना तुम्ही काही नाही म्हटलं.’

या शेवटच्या वाक्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे पुष्कळ विचार केल्यावर जे उत्तर सापडले ते मला सुखावणारे नाही. त्या चौदा प्रकल्पांचा मला संशय आला नाही, कारण ते मला परिचित होते. सोळा-सतरा वर्षे मी अशीच उत्तरे तपासीत आलो आहे. ‘समृद्ध वारसा’ आणि ‘अतूट नाते’ ही भाषा यंत्राने शोधलेली नाही. ती आमच्या नोट्समध्ये होती, बाजारातील मार्गदर्शिकांमध्ये होती, चर्चासत्रांच्या उद्घाटनपर भाषणांत होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याही काही लेखांत होती. यंत्राने ती आमच्याकडूनच उचलली आणि आम्हालाच परत दिली. याउलट जे पान खरोखर कोणीतरी पाहून, ऐकून, विचार करून लिहिलेले होते, ते मला अनोळखी वाटले, म्हणून खोटे वाटले. आणि त्याहून बोचणारी गोष्ट ही, की तेच पान तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या शिक्षकाच्या मुलीने दिले असते, तर मी ते वर्गात वाचून दाखविले असते. पोडावरची मुलगी असे मराठी लिहू शकत नाही, हे माझ्या मनात कोणी लिहून ठेवले होते? ते काम तर कोणत्याही यंत्राचे नव्हते.

आश्रमशाळेत असताना तेथील कपाटातली सगळी पुस्तके तिने दोनदा वाचली होती, हे मला नंतर कळले. मी ते कधी विचारलेच नव्हते.

३

माझ्या अनुभवाला दूरचे एक समांतर उदाहरण आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी, यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी सात साधने तपासली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांपुढे ठेवले. आणि त्यांतील सरासरी साठ टक्क्यांहून अधिक निबंध साधनांनी यंत्रलिखित ठरविले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ही साधने जवळजवळ अचूक होती. कारण साधे आहे. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस मोजके, नेहमीचे शब्द वापरतो, आणि नेहमीचे शब्द हेच या साधनांच्या लेखी यंत्राचे लक्षण. चॅटजीपीटीची निर्मिती करणाऱ्या संस्थेनेही यंत्रलेखन ओळखणारे स्वतःचे साधन अचूकतेचे प्रमाण कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. म्हणजे ज्याची भाषा कमावलेली आहे, त्याच्यावर संशय घेण्याचा दोष यंत्रात आहे आणि माझ्यातही. फरक इतकाच की मला तो दिसू शकतो.

आपल्याकडील नियमांचीही येथे फारशी मदत होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांत साम्याच्या टक्केवारीवर अपराधाची श्रेणी ठरते: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे. हे विनियम रचले गेले तेव्हा चोरी म्हणजे कोणाच्या तरी मजकुराची चोरी, हे गृहीत होते. यंत्राने रचलेला परिच्छेद कोणाशीच शब्दशः जुळत नाही. तो शून्य टक्के चोरीचा असतो आणि शून्य टक्के स्वतःचाही. या दोन शून्यांमधले अंतर मोजण्याची पट्टी आपल्याजवळ नाही.

४

यंत्र नेमके काय करते, याविषयी आपल्या विभागांत अजून बरीच गूढता आहे. वस्तुतः त्याची रीत समजायला अवघड नाही. अफाट लिखित मजकूर वाचवून त्याला एकच गोष्ट शिकविलेली असते: आतापर्यंतच्या शब्दखंडांनंतर पुढला शब्दखंड कोणता येणे संभवनीय आहे. या एका कसबातून त्याला व्याकरण साधते, शैली साधते, पुष्कळदा माहितीही साधते. कारण खरी माहिती ही बहुधा संभवनीयही असते. परंतु जेथे मजकूर विरळ आहे तेथे ते थांबत नाही. त्याच आत्मविश्वासाने, त्याच सुरात, ते संभवनीय असे काहीतरी रचून देते.

मी स्वतः याचा अनुभव घेतला. ‘लीळाचरित्रा’वरील एका तासाची तयारी करताना एका विशिष्ट प्रसंगाची लीळा मी यंत्राला विचारली. त्याने लगेच सांगितली. भाग सांगितला, लीळेचा क्रमांक सांगितला, संवादही दिला. आणि संवादाची भाषा जुन्या मराठीसारखी वाटावी अशीच होती. ग्रंथालयात जाऊन कोलत्यांनी संपादित केलेली प्रत उघडली. त्या क्रमांकावर दुसरीच लीळा होती, आणि यंत्राने सांगितलेली कोठेच नव्हती. माझा पूर्वीचा अभ्यास नसता, तर मी ती वर्गात सांगितली असती. आणि वीस वह्यांत ती उतरली असती.

या प्रसंगानंतर मला म्हाइंभटांचे स्मरण वेगळ्या रीतीने झाले. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर रिद्धपूरला, म्हणजे आमच्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील आणि आता मराठी भाषा विद्यापीठ जेथे स्थापन झाले आहे त्या गावी, म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी जमवायला आरंभ केला. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे ते गेले. कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले, हे त्यांनी विचारले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली, असे परंपरा सांगते; त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. हे पाठभेद पुसून टाकावेत असे त्या मंडळींना वाटले नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हे त्यांनी जपून ठेवले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी गद्य उभे राहिले ते या प्रश्नावर: हे कोणी सांगितले?

यंत्राजवळ नेमका हाच प्रश्न नसतो. त्याच्या वाक्याला सांगणारा नसतो. पाठभेदही नसतो, असलेच तर सगळे पाठ वितळवून केलेली एक गुळगुळीत सरासरी असते. माझ्या विद्यार्थिनीने आजीच्या दोन शब्दांतील फरकावर पानभर लिहिले तेव्हा ती, नकळत का होईना, म्हाइंभटांच्या परंपरेत बसली होती. आणि मी, ज्याने ती परंपरा शिकवायची, तो सरासरीच्या बाजूला उभा होतो.

५

कोलामीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. महाराष्ट्र शासनाच्या यादीत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेली आहे. २०११ च्या जनगणनेत कोलामी भाषकांची संख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती. ही द्राविडी कुलातील भाषा. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, तिची दखल घेतली गेली. एमेनो यांचे कोलामीवरील विस्तृत पुस्तक १९५५ चे. त्यानंतरही काम झाले आहे. परंतु भाषा म्हणून तिचे खरे अस्तित्व आहे ते पोडांवर, बोलण्यात आणि गाण्यात. यंत्राला लागतो तो लिखित मजकूर, आणि तो येथे जवळजवळ नाहीच. केंद्र शासनाच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदिवाणी’ हे आदिवासी भाषांसाठीचे भाषांतर-साधन २०२५ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणले, तेव्हा त्यात संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषा होत्या. गोंडी आली याचा आनंद आहेच. कोलामी त्यात नव्हती.

मग कोलामी गाण्याविषयी विचारले असता यंत्र काय करते? जे त्याच्याजवळ आहे ते देते. त्याच्याजवळ ‘आदिवासी’ या शब्दाभोवती जमलेली वाक्ये आहेत: जंगल, ढोल, नृत्य, निसर्गपूजा, साधेपणा. त्या चौदांपैकी एका प्रकल्पात कोलामी म्हणून दिलेल्या चार ओळी मी वर्गातील कोलामी बोलणाऱ्या मुलांना वाचून दाखविल्या. मुले हसली. त्यांतला एकही शब्द त्यांच्या घरचा नव्हता.

मला हसू आले नाही. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे, विनायक तुमराम यांच्या पिढीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्याविषयी आपण बोलण्याचा हक्क मराठीत मिळविला. दुसऱ्यांनी काढलेले आदिवासींचे चित्र नाकारणे हा त्या कवितेचा एक मूळ हेतू होता. ती कविता आम्ही अभ्यासक्रमात लावली, तिच्यावर प्रबंध लिहून घेतले. आणि आता त्याच समाजातील मुलगा आपल्या आजीऐवजी यंत्राला आपल्याविषयी विचारतो, व यंत्र त्याला तेच जुने चित्र नव्या चौकटीत घालून देते. तो ते स्वतःच्या नावाने सादर करतो. मी त्याला वीसपैकी अकरा गुण देतो. या व्यवहारात कोणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही, हे मला सर्वांत भयावह वाटते.

६

म्हणून यंत्रावर बंदी घालावी काय? मला तसे वाटत नाही. आमच्या विद्यार्थ्याला जे मिळत नाही त्यातले काही हे यंत्र त्याला देते, हे मान्य केले पाहिजे. संदर्भग्रंथ पाहण्यासाठी त्याला यवतमाळ किंवा अमरावती गाठावी लागते. इंग्रजीतील एखादा समीक्षालेख त्याला पूर्वी बंदच होता. आता त्याचा ढोबळ आशय तो मराठीत समजून घेऊ शकतो आणि मग माझ्याशी वाद घालू शकतो. तासिका तत्त्वावर चाललेल्या विभागांत, जेथे एक अध्यापक तीन वर्षांच्या सगळ्या पत्रिका ओढतो, तेथे विद्यार्थ्याची प्रत्येक शंका ऐकून घ्यायला माणूसच नसतो. माणूस नाही तेथे यंत्र गेले, तर दोष यंत्राला देऊन चालणार नाही.

मी बदलले ते माझे प्रश्न. या वर्षीपासून लोकसाहित्याच्या प्रकल्पात तीन गोष्टी आवश्यक केल्या आहेत. पहिली, रचना सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, विद्यार्थ्याशी नाते आणि ऐकल्याची तारीख. नाव देण्याची त्याची इच्छा नसल्यास तसे नमूद करावे. दुसरी, शक्य असेल तेथे एकाच रचनेचे दोन पाठ. तिसरी, यंत्राची मदत घेतली असल्यास ती सांगावी; इतकेच नव्हे, तर यंत्राने सुचविलेले काय नाकारले आणि का नाकारले, हे लिहावे. या तिसऱ्या कलमासाठी मी वीसपैकी सहा गुण ठेवले आहेत. ‘वृद्ध महिला’ खोडून पुन्हा ‘बुढी’ करणे ही माझ्या मते भाषेच्या पदवीची पुरेशी परीक्षा आहे. शिवाय प्रत्येकाशी पाच मिनिटे तोंडी बोलायचे. सांगणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे ध्वनिमुद्रण कोणत्याही यंत्राला पुरवायचे नाही, हेही बजावून सांगितले आहे.

याने प्रश्न सुटला असा दावा नाही. या वर्षीच्या वह्यांपैकी एका वहीत सांगणाऱ्या बाईंचे नाव होते, गाव होते, वयही होते. त्या गावच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला सहज विचारले, तर तेथे त्या नावाचे कोणी नव्हते. सांगणाराही यंत्रानेच पुरविला होता. मुलाला पुन्हा काम करायला सांगितले आहे. पाच मिनिटांची तोंडी परीक्षा पंचवीस मुलांपुरती शक्य आहे. दीडशेच्या वर्गाला ती कशी घ्यावी, हे मला ठाऊक नाही. अभ्यासमंडळांनी याचा विचार करावा, आणि केवळ नियम न करता अध्यापकांच्या जागाही मोजाव्यात.

त्या विद्यार्थिनीचे गुण मी त्याच आठवड्यात वाढविले होते. परंतु गुण वाढविणे म्हणजे क्षमा मागणे नव्हे, हे उमजायला मला आणखी महिना लागला. शेवटी ज्या विभागात मी तिला उभे केले होते तेथेच, तेच सहकारी बसलेले असताना, ‘चुकलं माझं’ असे तिला सांगितले. ती गोंधळली. ‘असू द्या जी, सर,’ म्हणाली आणि लगेच दुसरेच बोलू लागली: आजीला त्या गाण्याचा तिसरा पाठ आठवला आहे, आणि तो तिने लिहून आणला आहे.

ते पान मी विभागाच्या संग्रहात ठेवले आहे. वर आजीचे नाव, पोडाचे नाव आणि तारीख आहे. खाली लिहून घेणारीचे नाव आहे. असा संग्रह प्रत्येक मराठी विभागाने करावा, आणि सुरुवात आपल्याच वर्गात बसलेल्या मुलांच्या घरांपासून करावी, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.